धुरळ्याचं खळं

माझ्या घरी लोखंडी ट्रंकेत एक जुनी एक्स-रे फिल्म आहे. माझ्या अब्बांच्या छातीची, १९८८ सालची. अब्बा कोल्हापुरात एका फौंड्रीत कामाला होते. तिथे वाळूचे साचे करायचे, त्यांत वितळलेलं लोखंड ओतायचं, निवलं की साचा फोडायचा आणि बाहेर आलेल्या कास्टिंगला चिकटलेली वाळू घासून, ठोकून काढायची. हे शेवटचं काम अब्बांकडे होतं. बावीस वर्षं त्यांनी ते केलं. संध्याकाळी घरी आले की त्यांच्या पापण्यांवरसुद्धा करडी पूड बसलेली असायची.

खोकला हटेना तेव्हा एका दवाखान्यात ही फिल्म काढली. तिथल्या डॉक्टरांनी ती खिडकीच्या उजेडात धरली आणि टीबी आहे म्हणून सांगितलं. वर्षभर टीबीच्या गोळ्या झाल्या. खोकला होता तिथेच. मग दुसऱ्या एका वयस्कर डॉक्टरांनी तीच फिल्म पाहिली आणि विचारलं, "काम काय करता?" हा प्रश्न तोवर कोणी विचारलाच नव्हता. अब्बांनी सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "हा टीबी नाही. ही धूळ आहे."

मी तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. फिल्मवरच्या बारीक पांढऱ्या ठिपक्यांवर बोट ठेवून मी विचारलं, "ही धूळ का?" डॉक्टर म्हणाले, "नाही. धुळीचा कण इतका बारीक असतो की तो फिल्मवर दिसत नाही. धुळीनं आत काय केलंय, ते दिसतं."

हे वाक्य मला पुन्हा ऐकायला मिळालं ते २०२३च्या उन्हाळ्यात, आणि तेही खगोलशास्त्राच्या संदर्भात. माझी भाची पुण्यात भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करत होती. सुटीला आली होती. रात्री गच्चीवर बसलो असताना तिनं मोबाइल पुढे केला. म्हणाली, "मामू, हे बघा."

रेडिओवर चित्र दाखवता येत नाही, म्हणून शब्दांत सांगतो. काळं आकाश. मधोमध एक तेजस्वी ठिपका. त्याच्याभोवती एकात एक अशी वर्तुळं. शांत तळ्यात खडा टाकल्यावर उठावीत तशी, पण कुठे जवळ जवळ, कुठे लांब लांब. ही आकाशातून आलेल्या क्ष-किरणांची, म्हणजे एक्स-रेचीच कडी होती. एकंदर वीस. भाची म्हणाली, "यातलं एकेक कडं म्हणजे आपल्या आकाशगंगेतल्या धुळीचा एकेक पट्टा. धूळ दिसत नाही, मामू. धुळीनं किरणांचं काय केलं, ते दिसतं."

मी कविता लिहिणारा माणूस. विज्ञानाचं शिक्षण दहावीपर्यंतचं. पण त्या रात्री मी तिला झोपू दिलं नाही. नंतरही पुस्तकं, लेख वाचत राहिलो, तिला फोन करून छळत राहिलो. त्यातून जे समजलं ते आज आपल्यासमोर ठेवतो आहे.

आधी धुळीबद्दल. आमच्या घरात धूळ हा शब्द कमीच यायचा. अम्मा 'गर्द' म्हणायची. शाळेत गेल्यावर कळलं, मराठीत गर्द म्हणजे दाट, गर्द झाडी. गावाकडे पायाखाली तापतो तो फुफाटा, आणि एस.टी. गेल्यावर मागे उडतो तो धुरळा. दोन ताऱ्यांच्या मधल्या पोकळीत जे असतं त्याला शास्त्रीय मराठीत 'आंतरतारकीय धूळ' म्हणतात. मला धुरळा हा शब्द बरा वाटला. भाचीनं तोही दुरुस्त केला. आकारानं बघायला गेलं तर तो धूर आहे, म्हणाली. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे मायक्रॉन. आपला केस सत्तरेक मायक्रॉन जाड असतो. आकाशातल्या या कणांमधले मोठे म्हणावेत असे कण पाव मायक्रॉनच्या आसपास, आणि बाकीचे त्याहून कितीतरी बारीक. विडीच्या धुरातले कण साधारण याच मापाचे.

आणि गर्द तर तो मुळीच नाही. शंभर मीटर लांब, शंभर मीटर रुंद आणि शंभर मीटर उंच अशी एक खोली कल्पना करा. ताऱ्यांमधल्या सर्वसाधारण पोकळीत एवढ्या जागेत ढोबळ हिशेबानं या मोठ्या कणांपैकी एखादाच सापडेल. ताऱ्यांमध्ये जो विरळ वायू आहे, त्याच्याही वजनाच्या शंभरात एक भाग एवढीच ही धूळ. पण अंतरं इतकी अफाट आहेत, की हजारो प्रकाशवर्षं जाता जाता हा एकेक कण साचत जातो आणि पडदा तयार होतो. आपल्या आकाशगंगेच्या केंद्राकडून आपल्या दिशेनं निघालेल्या दृश्य प्रकाशाचं काय होतं बघा: एक लाख कोटी किरणकणांमागे एक आपल्यापर्यंत पोचतो.

आकाशातले हे काळे डाग जुन्या लोकांनीही पाहिले होते. अठराव्या शतकात विल्यम हर्शेलला ती आकाशाला पडलेली भोकं वाटली. तिथे तारेच नाहीत, असं त्याला वाटलं. तारे होते, पण पडद्याआड. काळे डाग नसतील तिथेही हा पडदा विरळपणे सगळीकडे पसरलेला आहे, हे अमेरिकेतल्या लिक वेधशाळेच्या रॉबर्ट ट्रंपलरनं १९३० साली दाखवून दिलं. दूरचे तारकागुच्छ त्यांच्या आकारावरून जेवढे तेजस्वी दिसायला हवेत, त्यापेक्षा ते मंद दिसत होते. वाटेत काहीतरी होतं. तोवर लोक ताऱ्यांची अंतरं मोजत होते ती या धुरळ्याचा हिशेब न धरता, म्हणजे चुकत होती.

हा धुरळा येतो कुठून? म्हाताऱ्या ताऱ्यांनी बाहेर टाकलेल्या आणि स्फोट होऊन फुटलेल्या ताऱ्यांतून उडालेल्या वाफा निवतात, तेव्हा त्यांतून असे कण जमतात. सिलिकॉन, ऑक्सिजन, मॅग्नेशियम, लोखंड आणि कार्बन हा त्यातला मुख्य माल. म्हणजे वाळूतले जिन्नस, लोखंड आणि काजळी. हे ऐकलं तेव्हा मला हसूच आलं. फौंड्रीच्या दारात उभं राहिल्यावर दिसायचं ते हेच. आणि यातूनच पुढे ग्रह घडतात. आपल्या पायाखालची जमीनही याच मालातून घडली.

आता क्ष-किरणांकडे वळू. विल्हेल्म राँटगेननं १८९५ साली ते शोधले आणि त्याच वर्षी पत्नीच्या हाताचं छायाचित्र घेतलं. त्यात हाडं दिसतात आणि बोटातली अंगठी दिसते. हे किरण म्हणजे एक प्रकारचा प्रकाशच, पण त्यांची तरंगलांबी दृश्य प्रकाशाच्या शेकडो पटींनी आखूड. त्यामुळे दृश्य प्रकाश जिथे अडतो तिथून ते आरपार जातात. आकाशातल्या धुळीच्या कणातूनही ते बऱ्याच अंशी आरपार जातात. याचा फायदा मोठा आहे. साधा प्रकाश पडदा किती दाट आहे ते सांगतो. क्ष-किरण मात्र कणाच्या पोटातून जाऊन येतात. आतला माल कोणता, हे त्यांना विचारता येतं.

अडचण एकच. आपल्या डोक्यावरची हवा आकाशातले क्ष-किरण शोषून घेते. घेते म्हणून आपण जिवंत आहोत. त्यामुळे दुर्बीण हवेच्या वर न्यावी लागते. १८ जून १९६२ रोजी रिकार्दो जाकोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत न्यू मेक्सिकोतून एक रॉकेट सोडलं. चंद्राकडून क्ष-किरण येतात का हे बघायचं होतं. चंद्र राहिला बाजूला आणि वृश्चिक राशीत क्ष-किरणांचा एक प्रखर स्रोत सापडला. जाकोनींना २००२ साली नोबेल मिळालं.

दुसरी अडचण आरशाची. क्ष-किरण सरळ आरशावर टाकले तर ते आत घुसतात, परत येत नाहीत. लहानपणी रंकाळ्यावर आम्ही चपटा दगड पाण्यावर तिरका फेकून भाकऱ्या काढायचो. दगड सरळ टाकला तर बुडतो. अगदी पसरट कोनात फेकला तर टप्पे घेत जातो. क्ष-किरणांचंही तसंच आहे. म्हणून या दुर्बिणींचे आरसे समोरासमोर नसतात, तर नळकांड्यासारखे, किरणांना नुसते घासून जातील असे असतात. २८ सप्टेंबर २०१५ रोजी अवकाशात गेलेल्या भारताच्या 'अॅस्ट्रोसॅट'वरही अशी एक दुर्बीण बसवली होती. ती मुंबईत कुलाब्याला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुढाकारानं तयार झाली. अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांवर सोन्याचा मुलामा देऊन तिचे आरसे केले होते. १९९९ साली गेलेल्या अमेरिकी दुर्बिणीला 'चंद्रा' हे नाव आहे, ते आपल्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचं.

आता मुख्य गोष्ट. चंद्राला खळं पडलेलं आपण सगळ्यांनी पाहिलंय. खळ्याचे दोन प्रकार असतात, हे मात्र मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. एक मोठं, चंद्रापासून दूर असणारं. ते उंच ढगांतल्या बर्फाच्या स्फटिकांमुळे पडतं. दुसरं चंद्राला अगदी चिकटून असलेलं, पातळ ढगातलं, कडेला किंचित तांबूस. ते पाण्याच्या बारीक थेंबांमुळे पडतं. प्रकाशाची लाट थेंबाला वळसा घालताना थोडी पसरते, म्हणून. आणि यात एक गंमत आहे: थेंब जितका बारीक, तितकं खळं मोठं.

क्ष-किरणांचं धुळीतलं खळं या दुसऱ्या जातीचं. कणाजवळून आणि कणातून जाताना किरण जरासा वळतो. फार नाही, अंशाचा काही भाग. मोठ्या कणानं वळवलेले किरण स्रोताच्या जवळ राहतात, बारीक कणानं वळवलेले दूरवर फेकले जातात. म्हणजे ठिपक्याभोवतीचं हे खळं आत किती उजळ आणि बाहेर किती, ते मोजलं की कणांची मापं निघतात. हजारो प्रकाशवर्षं दूरच्या, मायक्रॉनच्या काही अंशाएवढ्या कणांची मापं!

असं खळं असायला हवं, हे जेम्स ओव्हरबेकनं १९६५ सालीच लिहून ठेवलं होतं. ते सापडायला १९८३ उजाडलं. मधल्या काळात बघणार कशानं, हाच प्रश्न होता. आरसे बसवलेली 'आइनस्टाइन' वेधशाळा अवकाशात गेली ती १९७८ साली. आणि मग नवी पंचाईत. आरसा कितीही गुळगुळीत केला तरी त्याच्या बारीक खडबडीतपणामुळे तोही किरण थोडे विखुरतो. म्हणजे दुर्बीण स्वतःचंच एक खळं पाडते. दिसतंय ते आकाशातल्या धुळीचं की आपल्या आरशाचं? चष्मा पुसून पुन्हा बघायची सोय तिथे नाही. आरशाचं खळं किती, हे आधी काटेकोर मोजून ते वजा करावं लागलं, तेव्हा कुठे डी. पी. रॉल्फ यांना जीएक्स ३३९-४ नावाच्या स्रोताभोवतीचं खरं खळं दाखवता आलं. पुढे जर्मनीच्या 'रोसॅट' उपग्रहानं अशी खळी डझनावारी पाहिली. १९९५ साली त्यांचा हिशेब छापून आला, तेव्हा असं दिसलं की ज्या दिशेला दृश्य प्रकाश जास्त अडतो त्याच दिशेला क्ष-किरणांचं खळंही जास्त दाट. पडदा आणि खळं एकाच धुळीचं होतं.

इथवर सगळं स्थिर होतं. स्रोत सतत तळपतोय, खळं सतत दिसतंय. पण स्रोत क्षणभर भडकून विझला तर?

कोल्हापूरहून सांगलीला दोन एस.ट्या एकाच वेळी सुटल्या, असं समजा. एक सरळ, दुसरी इचलकरंजीवरून. वेग दोघींचा एकच. दुसरी उशिरा पोचणार. सांगलीच्या स्टँडवर उभ्या असलेल्या माणसाला ती किती उशिरा आली आणि कुठल्या रस्त्यानं शिरली एवढं कळलं, तर ती कुठे वळली असेल हे तो घरबसल्या काढू शकतो. धुळीवरून वळून येणारा क्ष-किरण ही दुसरी एस.टी. सरळ आलेला भडका आपण पाहतो, तो विझतो. मग काही तासांनी, दिवसांनी, त्याच भडक्याचे वळून आलेले किरण पोचतात. भडका आणि आपण यांना जोडणाऱ्या रेषेच्या चहूबाजूंना ढगातले जे कण सारख्या अंतरावर असतात, त्यांच्यावरून आलेले किरण एकाच वेळी पोचतात. म्हणून आपल्याला कडं दिसतं. नंतर आणखी लांबचा वळसा घेतलेले किरण येतात, म्हणून कडं मोठं होत जातं. धूळ पसरत नसते. ती आहे तिथेच असते. पसरतो तो उशीर.

एक हिशेब भाचीनं मला कागदावर करून दाखवला, आणि तो मला जमला याचा मला अजून अभिमान आहे. भडका आकाशगंगेच्या बाहेर फार दूर आहे, आणि धुळीचा ढग आपल्यापासून सुमारे २,६०० प्रकाशवर्षांवर. भडक्यानंतर एका दिवसानं त्या ढगाचं कडं पौर्णिमेच्या चंद्राच्या एक तृतीयांश रुंदीचं दिसेल. चार दिवसांनी दुप्पट, म्हणजे दोन तृतीयांश. नऊ दिवसांनी तिप्पट, चंद्राएवढं. ढग याहून जवळ असेल तर त्याच वेळी कडं मोठं, दूर असेल तर लहान. म्हणजे कड्याची रुंदी आणि घड्याळ एवढ्यावर धुळीच्या ढगाचं अंतर निघतं. खगोलशास्त्रात अंतर मोजण्याइतकं अवघड काम दुसरं नाही. आकाश आपल्याला सपाट दिसतं; जवळचं आणि लांबचं एकाच पाटीवर लिहिलेलं असतं. इथे मात्र खोली मिळते, तीही ज्या धुळीनं ट्रंपलरच्या आधीच्या लोकांची अंतरं बिघडवली होती, तिच्याचकडून.

याची उलट बाजूही आहे. ढगांची अंतरं दुसऱ्या मार्गानं माहीत असतील, तर भडक्याचं अंतर काढता येतं. योआखिम ट्रुम्पर आणि फोल्कर शॉनफेल्डर यांनी १९७३ साली हे सुचवलं, तेव्हा कोणी एकही खळं पाहिलेलं नव्हतं. 'सर्सिनस एक्स-१' नावाचा एक न्यूट्रॉन तारा आहे, शेजारच्या ताऱ्यातून माल ओढून घेणारा. त्याच्या अंतराच्या अंदाजांत दुपटीहून जास्त फरक होता. २०१३च्या अखेरीस तो भडकला, आणि नंतर 'चंद्रा' दुर्बिणीला त्याच्याभोवती कडी दिसली. सेबास्टियन हाइन्झ यांच्या गटानं ऑस्ट्रेलियातल्या मोप्रा रेडिओ दुर्बिणीनं टिपलेले वायूंचे ढग त्या कड्यांशी एकेक करून जुळवले आणि अंतर काढलं: सुमारे ३०,७०० प्रकाशवर्षं. एकदा अंतर कळलं की तो खरा किती प्रखर आहे हेही कळतं. २०१५च्या जूनमध्ये व्ही४०४ सिग्नी हे कृष्णविवर सव्वीस वर्षांच्या शांततेनंतर भडकलं. त्याच्याभोवती आठ कडी मोजली गेली.

आता भाचीनं दाखवलेल्या चित्राकडे येतो. तारीख ९ ऑक्टोबर २०२२, रविवार. तुम्हाला कदाचित आठवणार नाही. मला आठवते, कारण त्या दिवशी कोजागरी आणि ईद-ए-मिलाद एकत्र आल्या होत्या. आमच्या गल्लीत दुपारी एका घरून खीर आणि संध्याकाळी दुसऱ्या घरून मसाला दूध आलं होतं. संध्याकाळचे पावणेसात वाजले होते. पूर्वेला चंद्र वर आलेला. त्याच वेळी, सुमारे १९० कोटी वर्षांपूर्वी दूरच्या एका दीर्घिकेत झालेल्या स्फोटाचा गॅमा आणि क्ष-किरणांचा झोत पृथ्वीवर येऊन धडकला. मी नंतर हिशेब करून घेतला: कोल्हापुरात तेव्हा आकाशाचा तो भाग जवळजवळ डोक्यावर होता. आम्हाला काही म्हणजे काही कळलं नाही. हवेनं सगळं वरच्या वर झेललं.

माणसानं आजवर नोंदवलेल्या अशा स्फोटांत हा सर्वांत प्रखर. इतका प्रखर झोत दहा हजार वर्षांत एखादा येत असावा, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. आणि योगायोग असा की तो आला आकाशगंगेच्या पट्ट्याला जवळजवळ लागून, भरपूर धुळीतून. १९० कोटी वर्षांच्या प्रवासातली शेवटची साठ हजार वर्षंच काय ती आपल्या आकाशगंगेच्या धुरळ्यातली. पण त्या शेवटच्या टप्प्यानं वीस कडी उमटवली. युरोपच्या 'एक्सएमएम-न्यूटन' दुर्बिणीनं ती दोन दिवसांनी आणि पाच दिवसांनी टिपली. सर्वांत जवळचा ढग सुमारे हजार प्रकाशवर्षांवर, सर्वांत लांबचा साठ हजारांच्या पुढे, आकाशगंगेच्या पार पलीकडच्या अंगाला.

पण मला सगळ्यात जास्त धरून ठेवलं ते पुढच्या गोष्टीनं. झोत आला तेव्हा गॅमा-किरण टिपणारी यंत्रं जागी होती. पण सौम्य क्ष-किरण बघणारी दुर्बीण एकही त्या दिशेला रोखलेली नव्हती. 'स्विफ्ट' उपग्रहाची नजर तिकडे वळली ती पहिल्या नोंदीनंतर सुमारे ५३ मिनिटांनी. तोवर मुख्य भडका सरला होता. शतकाशतकांतून एकदा येणारा पाहुणा, आणि त्याचा निम्मा चेहरा कोणी पाहिलाच नाही. गेला तो गेला असं वाटलं असतं. पण त्याच भडक्याचे सौम्य क्ष-किरण धुळीवरून वळून अजून येत होते! आंद्रेआ टिएंगो आणि सहकाऱ्यांनी कड्यांची प्रखरता मोजून उलटा हिशेब मांडला आणि त्या पहिल्या मिनिटांत सौम्य क्ष-किरण किती होते ते काढलं. त्यांची नोंद कुठल्याच यंत्राकडे नव्हती. धुळीकडे होती.

या हिशेबात एक कच्चा दुवा आहे आणि तो त्यांनी लपवलेला नाही. धुळीचे कण कोणत्या मापाचे आणि कशाचे बनलेले, याबद्दल वेगवेगळी गृहीतकं धरली की उत्तर काही पटींनी बदलतं. मग धूळ कशाची आहे हे कसं कळणार?

यालाही क्ष-किरणच कामी येतात, पण वेगळ्या रीतीनं. इथे वळलेले किरण सोडून द्यायचे आणि सरळ आलेल्या किरणांत कुठला भाग गळाला ते बघायचं. प्रत्येक मूलद्रव्य एका ठरावीक ऊर्जेपासून पुढचे क्ष-किरण एकदम जास्त शोषू लागतं. सिलिकॉनची पायरी वेगळी, लोखंडाची वेगळी. पण अणू एकटा असला तर ही पायरी एका प्रकारची दिसते, आणि घन कणात इतर अणूंच्या शेजारात असला तर तिच्यावर बारीक लहरी उमटतात. मोकळ्या मैदानात मारलेली हाक आणि भांड्याकुंड्यांनी भरलेल्या स्वयंपाकघरात मारलेली हाक, यांतला फरक आपल्याला डोळे मिटूनही कळतो, तसंच. नेदरलँड्समधल्या एलिसा कोस्टांतिनी यांच्या गटानं पृथ्वीवर वेगवेगळ्या खनिजांचे नमुने घेऊन त्यांच्या लहरी मोजल्या आणि आकाशातून आलेल्या लहरींशी ताडून पाहिल्या. दूरचे तेजस्वी स्रोत जणू दिवा म्हणून वापरायचे आणि मधली धूळ त्या दिव्याच्या उजेडात धरायची.

यातलं ताजं काम गंधकाचं. विरळ जागेत गंधक वायुरूपात दिसतं, पण दाट ढगांत ते जेवढं असायला हवं तेवढं सापडत नाही. जपानच्या पुढाकारानं सप्टेंबर २०२३ मध्ये गेलेल्या 'क्रिझम' उपग्रहानं जीएक्स ३४०+० नावाच्या, ३५ हजारांहून अधिक प्रकाशवर्षं दूरच्या स्रोताकडे पाहिलं. २०२५ साली मिशिगन विद्यापीठाच्या लिया कोरालेस आणि सहकाऱ्यांनी निष्कर्ष मांडला: वाटेतलं काही गंधक वायूत आहे, काही घन कणांत आहे. आणि घनातलं गंधक लोखंडाशी बांधलेलं असावं, उल्कापाषाणांत सापडतात तशा खनिजांच्या रूपात.

सिलिकॉनबद्दल कोस्टांतिनींच्या गटाला काय मिळालं ते सांगायचं मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. त्या रात्री भाचीनं हे सांगितल्यावर मी उठून ट्रंक उघडली आणि फिल्म घेऊन आलो. अब्बा जाऊन तेव्हा तीस वर्षं होत आली होती. तिनं आजोबांना पाहिलेलंच नाही. गच्चीवरच्या बल्बसमोर तिनं फिल्म बराच वेळ धरून ठेवली.

"फौंड्रीची वाळू म्हणजे क्वार्ट्‌झ," ती म्हणाली. "सिलिकॉन आणि ऑक्सिजनच, पण स्फटिक. अणू अगदी रांगेत. फुफ्फुसाला ते स्फटिकच बाधतात." मग म्हणाली, "आकाशातल्या धुळीत सिलिकॉन बघितलं तर बहुतेक ठिकाणी रांग नसते, मामू. काचेसारखं, विस्कटलेलं असतं. स्फटिक फार थोडे."

मी विचारलं, "म्हणजे ती श्वासात गेली असती तर?"

"विस्कटलेलं सिलिकॉन एवढं बाधत नाही म्हणतात."

तिनं फिल्म माझ्या हातात दिली. कडेला अब्बांचं नाव बॉलपेननं लिहिलेलं आहे, स्पेलिंग चुकलेलं. मी ती पुन्हा कागदी पाकिटात सरकवली.